मोफत शाळेचा महाग पत्ता

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात फेअरफॅक्स नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, आहे. तिथल्या एका हायस्कूलचं नाव बदललं आणि तरी ते वुडसन हायस्कूलच राहिलं. २०२४ पर्यंत ते डब्ल्यू. टी. वुडसन हायस्कूल होतं, आता ते कार्टर जी. वुडसन हायस्कूल आहे. आडनाव तेच, माणूस मात्र पार दुसऱ्या टोकाचा. पहिले वुडसन १९२९ ते १९६१ अशी बत्तीस वर्षं काउंटीच्या शाळांचे अधीक्षक होते, आणि गोऱ्या-काळ्या मुलांनी एका वर्गात बसायला त्यांचा विरोध होता. दुसरे वुडसन गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांच्या पोटी व्हर्जिनियातच जन्मले, त्यांनी हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली आणि कृष्णवर्णीयांचा इतिहास हा अभ्यासाचा विषय म्हणून उभा केला. माजी विद्यार्थ्यांना जुनं नाव सोडवत नव्हतं, नव्या पिढीला ते सोसवत नव्हतं. तेव्हा २०२३ च्या नोव्हेंबरात स्कूल बोर्डाने नावाची फक्त पुढची अक्षरं बदलली.

हा तोडगा कुणाला चतुर वाटेल, कुणाला पळपुटा. पण फेअरफॅक्सचा कारभार कसा चालतो, ते त्यातून नेमकं दिसतं. इथे शाळेबद्दलची प्रत्येक गोष्ट चारचौघांत भांडून ठरते. पाटी कोणाच्या नावाची, घंटा किती वाजता, सुट्टी कुठल्या सणाला आणि सगळ्यांत कडाक्याचं भांडण म्हणजे कोणत्या गल्लीतलं मूल कोणत्या शाळेत.

फेअरफॅक्स म्हणजे राजधानी वॉशिंग्टनचं उपनगर. पण उपनगर या शब्दाने ठाणे-डोंबिवलीसारखं काही डोळ्यांपुढे येऊ देऊ नये. बृहन्मुंबईहून बराच मोठा, साधारण हजार चौरस किलोमीटरचा हा मुलूख आहे आणि त्यात माणसं राहतात जेमतेम साडेअकरा लाख. सरकारी नोकर, लष्करी अधिकारी, संरक्षण खात्याचे कंत्राटदार आणि डलेस विमानतळाच्या रस्त्यालगत पसरलेल्या सॉफ्टवेअर कंपन्यांतले लोक. त्यांच्या मुलांसाठी काउंटी जवळजवळ दोनशे शाळा चालवते. पट आहे सुमारे एक लाख ऐंशी हजारांचा. देशात तेरा हजारांवर स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळांचा कारभार पाहणारे विभाग, आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या डझनभरांत फेअरफॅक्स येतं. पिवळ्या बसच दीड हजारांहून जास्त आहेत. मुलांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा दोनशेच्या वर जातात आणि त्यांत मराठीही आहे. हर्नडन, शँटिली भागात मराठी कुटुंबांची चांगली वस्ती आहे. २०२२-२३ पासून शाळांच्या वेळापत्रकात ईद आणि ज्यूंच्या योम किप्पुरबरोबर दिवाळीचीही सुट्टी आली.

वार्षिक अंदाजपत्रक २०२४-२५ मध्ये सुमारे ३.७ अब्ज डॉलरचं होतं, म्हणजे एकतीस हजार कोटी रुपयांच्या घरात. हा पैसा येतो कुठून, हे कळलं की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात.

यातला सिंहाचा वाटा काउंटीचा. काउंटीच्या सर्वसाधारण निधीतला अर्ध्याहून अधिक पैसा शाळांकडे वळतो, आणि त्या निधीचा कणा आहे घरांवरचा मालमत्ता कर. २०२४-२५ मध्ये या कराचा दर शंभर डॉलर मूल्याला १.१२५ डॉलर होता. त्या सुमारास काउंटीतल्या सरासरी घराचं मूल्यांकन साडेसात लाख डॉलरच्या जवळ होतं. म्हणजे साध्यासुध्या घराच्या मालकाने वर्षाला आठ-साडेआठ हजार डॉलर भरायचे आणि त्यातले निम्म्याहून जास्त शाळेला जायचे. पोरं शाळेत असोत, मोठी होऊन घराबाहेर पडलेली असोत किंवा मुळात नसोतच, कर चुकत नाही. राज्य सरकार हात आखडताच घेतं. राज्य विधिमंडळाच्याच लेखापरीक्षण आयोगाने २०२३ मध्ये सांगितलं, की व्हर्जिनियाच्या शाळांना देशाच्या सरासरीपेक्षा विद्यार्थ्यामागे सुमारे १,९०० डॉलर कमी मिळतात.

पैशाच्या या व्यवस्थेत एक गमतीदार पेच आहे. स्कूल बोर्डावर बारा सदस्य निवडून येतात, नऊ मतदारसंघांतून नऊ आणि सबंध काउंटीतून तीन. पण कर बसवायचा अधिकार त्यांना नाही. तो काउंटीच्या सुपरवायझर मंडळाकडे, आणि तेही निवडून आलेलंच. बोर्ड मागणार, सुपरवायझर कापणार. दर वसंतात हा खेळ रंगतो आणि शिक्षक आपल्या पगारवाढीसाठी सभागृहात येऊन बसतात. १९९५ पर्यंत तर बोर्डाचे सदस्य सुपरवायझरच नेमत असत. त्या वर्षी पहिल्यांदा मतदारांनी आपलं बोर्ड निवडलं. कागदोपत्री ही निवडणूक पक्षविरहित असते, पण उमेदवाराच्या पाठीशी कोणता पक्ष उभा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. २०२३ मध्ये बाराच्या बारा जागा डेमोक्रॅटिक पक्षाचा पाठिंबा असलेल्यांनी जिंकल्या.

फेअरफॅक्सची मोठी पुण्याई म्हणजे त्याचा आकार, आणि तिचं श्रेय व्हर्जिनियाच्या जुन्या रचनेला द्यायला हवं. न्यू जर्सीसारख्या छोट्याशा राज्यात सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. तिथे श्रीमंत गावाचा कर त्या गावाच्याच शाळेत राहतो, शेजारच्या गरीब गावाला त्यातली दमडी मिळत नाही. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शहरातला वर्णभेद निस्तरण्यासाठी उपनगरांच्या डिस्ट्रिक्टना सरसकट ओढता येणार नाही. त्यानंतर गावाची वेस ही शाळेची तटबंदी झाली. व्हर्जिनियात काउंटी हेच डिस्ट्रिक्ट. त्यामुळे टायसन्सच्या काचेच्या कचेऱ्यांवरचा कर आणि मक्लीनच्या बंगल्यांवरचा कर एकाच गल्ल्यात जातो आणि त्याच गल्ल्यातून कल्मोरच्या दाटीवाटीच्या इमारतींत राहणाऱ्या एल साल्वादोर-ग्वातेमालातल्या मजुरांच्या पोरांना शिक्षक मिळतात. गरिबी जास्त असलेल्या शाळांना शिक्षकही जास्त, हा इथला नियम आहे.

श्रीमंत काउंटीत गरीब मुलं असतील तरी किती? मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र असलेली मुलं पटाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आहेत. चारपैकी जवळजवळ एका मुलाला अजून इंग्रजी शिकवावं लागतं.

पण तटबंदी काउंटीच्या वेशीवर नसली, तरी ती नाहीशी झालेली नाही. ती आत सरकली आहे. प्रत्येक घर एकेका प्राथमिक शाळेच्या, एकेका मिडल स्कूलच्या आणि एकेका हायस्कूलच्या हद्दीत येतं. नकाशावर ती एक रेघ असते. रेघेच्या अलीकडचं घर आणि पलीकडचं घर सारख्याच विटांचं, पण किंमत वेगळी. घर विकायला काढणारा दलाल स्वयंपाकघराच्या आधी हायस्कूलचं नाव सांगतो. मक्लीनमधल्या लँगली हायस्कूलमध्ये सवलतीच्या जेवणाची मुलं नावापुरती. तिथून अर्ध्या तासावरच्या जस्टिस हायस्कूलमध्ये निम्म्याहून अधिक. बोर्ड एक, अंदाजपत्रक एक, अभ्यासक्रम एक. वेगळा आहे तो फक्त घराचा पत्ता. फीची पावती कुणालाच फाडावी लागत नाही, कारण ती घराच्या गृहकर्जात मिसळून गेलेली असते.

बेलीज् क्रॉसरोड्स हा या रेघांच्या चुकीच्या बाजूला पडलेला भाग. तिथल्या प्राथमिक शाळेचा पट तेराशेवर गेला, तेव्हा मैदानात ट्रेलर उभे करून वर्ग भरू लागले. नवी शाळा बांधायला जमीन मिळेना. शेवटी काउंटीने जवळची पाच मजली कचेरी घेतली, आतल्या भिंती पाडल्या आणि २०१४ मध्ये वरच्या इयत्ता तिथे हलवल्या. मुंबईच्या माणसाला पाच मजली शाळेचं काय अप्रूप? पण हिरवळीवर ऐसपैस पसरलेल्या बैठ्या शाळांची सवय असलेल्या उपनगरात लहान मुलं जिन्याने वर्गात जातात, याची बातमी झाली. ही शाळा आजही चालते. तिच्या हद्दीत अब्जाधीशांचे बंगले असते, तर ट्रेलर इतकी वर्षं मैदानात उभे राहिले असते का, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे.

रेघांचं राजकारण सगळ्यांत तापलं ते टीजेवरून. थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी हे त्याचं पूर्ण नाव. १९८५ पासून विज्ञान-गणिताच्या हुशार मुलांसाठी चालणारी ही सरकारी शाळा. फेअरफॅक्ससह शेजारच्या डिस्ट्रिक्टमधली मुलंही तिथे येतात. २०२० च्या सुमारास देशातल्या सरकारी हायस्कूलांच्या गाजलेल्या यादीत ती सलग काही वर्षं पहिली होती. प्रवेश परीक्षेवर, आणि परीक्षा म्हटली की क्लास आलेच. भारतीय, चिनी, कोरियन घरांतली मुलं दोन-दोन वर्षं तयारी करत. आपल्याकडच्या जेईईच्या घराला हे वातावरण वेगळं समजावून सांगायला नको.

२०२० मध्ये प्रवेश मिळालेल्या ४८६ मुलांत ७३ टक्के आशियाई होती. कृष्णवर्णीय मुलं दहादेखील नव्हती. गरीब घरातली एक टक्कासुद्धा नव्हती. त्याच उन्हाळ्यात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसाच्या हातून झालेल्या हत्येने देश पेटला आणि बोर्डाने प्रवेशाची रीत मोडून नवी केली. परीक्षा बंद, अर्जाचे शंभर डॉलर बंद, आणि प्रत्येक सरकारी मिडल स्कूलमधल्या वरच्या दीड टक्के मुलांना हक्काच्या जागा. पुढच्याच वर्षी साडेपाचशे जागांमध्ये आशियाई मुलांचं प्रमाण ५४ टक्क्यांवर उतरलं आणि गरीब घरांतली मुलं २५ टक्क्यांवर गेली.

पालक कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं असं, की हा बदल आशियाई मुलांना मागे लोटण्यासाठीच आहे. २०२२ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी त्यांची बाजू घेतली. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने ती उलटवली. अर्ज करणाऱ्यांत आशियाई मुलांचा वाटा जेवढा होता, त्याहून प्रवेशांत तो जास्तच निघाला, याकडे न्यायालयाने लक्ष वेधलं. २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

या वादात भारतीय पालकांचा राग खोटा नव्हता. मुलाने सातवीपासून झोप मोडून अभ्यास केला आणि ऐन वेळी नियम बदलले, तर कुणालाही चीड येईल. पण बोर्डाचा निर्णय पाहताना एक गोष्ट नजरेआड होते. दीड टक्क्याचा नियम खरा वर्णाशी भांडत नव्हता, तो पत्त्याशी भांडत होता. आधी काही मोजक्या मिडल स्कूलमधून टीजेला मुलांचे जथे जात आणि बाकीच्या कित्येक शाळांतून कोणीच जात नसे. नव्या नियमाने त्या शाळांनाही दार उघडलं. त्यातून आत आलेल्यांमध्ये गरीब आशियाई घरांतली मुलंही होती. क्लासची फी न परवडणारं मूल भारतीय असू शकतं, हे समृद्ध भारतीय वस्तीला सहज विसरता येतं.

या साऱ्या भांडणांची जागा ठरलेली आहे. बोर्डाच्या सभा गेली कित्येक वर्षं ल्यूथर जॅक्सन मिडल स्कूलच्या सभागृहात भरत आल्या आहेत. ही वास्तू १९५४ च्या सप्टेंबरात उघडली, ती काउंटीतल्या कृष्णवर्णीय मुलांचं पहिलं हायस्कूल म्हणून. त्याआधी या मुलांना हायस्कूलसाठी मनॅससला किंवा वॉशिंग्टनला जावं लागे. काळाचा विनोद असा, की त्याच वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या होत्या. व्हर्जिनियाच्या राजकारण्यांनी मात्र प्रतिकाराचा झेंडा उभारला आणि गोऱ्या-काळ्यांना एकत्र बसवण्यापेक्षा शाळा बंद करू, अशी भाषा केली. त्याच धुंदीत नव्या हायस्कूलांना गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतींची नावं दिली गेली, १९५८ मध्ये रॉबर्ट ई. ली, १९५९ मध्ये जे. ई. बी. स्टुअर्ट. फेअरफॅक्समधली शेवटची वेगळी शाळा मिटायला १९६५ उजाडलं. नावं जायला त्याहून खूप वेळ लागला. स्टुअर्टचं जस्टिस २०१८ मध्ये झालं, आणि लीच्या जागी जॉन लुईस यांचं नाव २०२० च्या जुलैत आलं, नागरी हक्कांच्या या लढवय्याच्या निधनानंतर आठवड्याभरात.

अशा वास्तूत आज कोणीही नागरिक नाव नोंदवून माइकपुढे उभा राहतो. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. बोर्डावर विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी बसतो. त्याला मत नसतं, पण तोंड असतं. सभा थेट प्रक्षेपित होते. कधी आरडाओरडाही होतो. करोनाच्या काळात शाळा बंद ठेवण्यावरून या सभा रात्र-रात्र चालल्या आणि २०२१ ची गव्हर्नरपदाची निवडणूकच पालकांच्या रागावर लढली गेली.

या चर्चांना वेळ किती लागतो, त्याचं उदाहरण म्हणजे घंटा. फेअरफॅक्सची हायस्कूलं सकाळी ७.२० ला भरत. कारण अभ्यासाचं नव्हतं, बसचं होतं. त्याच बसना तीन फेऱ्या मारून आधी मोठ्यांना, मग लहानांना पोहोचवायचं असे. किशोरवयीन मुलांची झोप उशिरा लागते, तेव्हा शाळाही उशिरा भरवा, असं म्हणत काही पालकांनी २००४ मध्ये ‘स्लीप’ या नावाचा गट काढला. बोर्डाने होकार दिला २०१४ मध्ये. २०१५ च्या शरदात हायस्कूलची घंटा आठच्या पुढे गेली. पन्नास मिनिटांसाठी अकरा वर्षं. ज्या मुलांसाठी हे सुरू झालं, ती तोवर नोकरीला लागली होती.

मराठी वाचकाला या साऱ्याशी काय देणंघेणं? देणंघेणं आहे, कारण यात एक उलटा आरसा दिसतो. पुण्या-मुंबईतून गेलेला इंजिनीअर फेअरफॅक्समध्ये घर घेताना आधी सरकारी शाळा बघतो. तिच्यासाठी जास्तीचे लाख-दीड लाख डॉलर मोजतो, दरवर्षी कर भरतो, शिक्षक-पालक संघाच्या सभेला जातो आणि हद्द बदलायची कुणकुण लागली की सह्यांची मोहीम काढतो. हाच माणूस पुण्यात असता, तर आपल्या वॉर्डातली महापालिकेची शाळा कुठल्या गल्लीत आहे हेही त्याने सांगितलं नसतं. त्याची मुलं खासगी इंग्रजी शाळेत गेली असती आणि त्या शाळेच्या फीवर त्याने व्हॉट्सअॅपवर चरफडून घेतलं असतं. महाराष्ट्रात शाळा चालवणाऱ्या जिल्हा परिषदा आहेत, महापालिका आहेत, शिक्षण समित्या आहेत. पण २०२२ पासून बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षं निवडून आलेलं कोणी नव्हतं, प्रशासक कारभार पाहत होते. त्यावर शाळेच्या नावाने रस्त्यावर उतरलेले पालक कुठे दिसले? ज्यांचा आवाज ऐकला जातो, त्यांची मुलं त्या शाळांत नव्हती.

फेअरफॅक्सने सुखवस्तू माणसाला सरकारी शाळेत धरून ठेवलं आहे, ही साधी कामगिरी नाही. फक्त त्याची किंमत म्हणून त्याला त्याची रेघ देऊन टाकली आहे. ती रेघ हलवण्याची हिंमत बोर्डाने फार क्वचित दाखवली. संपूर्ण काउंटीच्या हद्दींचा शेवटचा फेरविचार झाला होता तो १९८० च्या दशकात. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत गावं वाढली, मेट्रोची नवी मार्गिका आली, पण नकाशा जवळपास तोच राहिला. कुठे शाळा ओसंडून वाहत होत्या, कुठे वर्ग रिकामे. अखेर २०२४ मध्ये बोर्डाने धोरण बदललं आणि दर पाच वर्षांनी हद्दी तपासायच्या ठरवल्या. त्यानंतर सभांना तुडुंब गर्दी झाली, अंगणाअंगणात पाट्या लागल्या. मसुद्यामागून मसुदे आले आणि प्रत्येक मसुद्यात हलवायच्या मुलांची संख्या एकूण पटाच्या मानाने अगदी किरकोळ राहिली. चार गल्ल्या इकडे, दोन तिकडे. लँगली आणि जस्टिसमधलं अंतर त्यातून मिटणार नव्हतं, आणि ते मिटवण्याचा तो प्रयत्नही नव्हता. इथे बोर्डाने कच खाल्ली, असंच म्हणावं लागेल. टीजेच्या वेळी दाखवलेलं धैर्य साडेपाचशे जागांपुरतं होतं. लाखभर घरांच्या किमतीपुढे ते टिकलं नाही.

अशातच काउंटीच्या पश्चिमेला एक घबाड हाती लागलं. हर्नडनजवळ किंग अब्दुल्ला अकॅडमी नावाची सौदी अरेबियाच्या पैशावर उभी राहिलेली खासगी शाळा होती. ऐसपैस आवार, नवी इमारत, मोठी व्यायामशाळा. ती विक्रीला निघाली आणि २०२५ मध्ये बोर्डाने १५ कोटी डॉलरला घेतली. पश्चिमेला नवं हायस्कूल हवं, ही मागणी कित्येक वर्षांची. ते बांधायला निघालं असतं, तर खर्च याहून खूप जास्त झाला असता. त्या मानाने सौदा स्वस्तात पडला. २०२६ च्या शरदात तिथे सरकारी हायस्कूल भरवायचं ठरलं.

मग पुढचा प्रश्न आला, या नव्या शाळेच्या हद्दीत कोणाकोणाची घरं घ्यायची? शँटिली, हर्नडन आणि आजूबाजूच्या वस्त्यांतले पालक नकाशे घेऊन सभागृहात हजर झाले. त्यांत काही मराठी आडनावंही असणार. कुणाला त्या रेघेच्या आत यायचं होतं, कुणाला बाहेर राहायचं होतं, आणि बोलायला प्रत्येकाकडे होती तीच दोन-तीन मिनिटं.